फेवा तळ्यावरचे पिंजरे: भूमिहीन जलारींच्या मत्स्यशेतीचे एक प्रकरण

१९७२ साली नेपाळमधील पोखरा येथे फेवा तळ्यात जाळीचे पिंजरे पहिल्यांदा सोडण्यात आले, तेव्हा त्यामागे कोणाला रोजगार देण्याचा विचार नव्हता. प्रजननासाठी राखलेले कार्प जातीचे मोठे मासे सांभाळून ठेवायचे, एवढाच सरकारी मत्स्यकेंद्राचा हेतू होता. पुढे लक्षात आले ते असे की, या पिंजऱ्यांतील चंदेरा (सिल्व्हर कार्प) आणि बिगहेड हे कार्प जातीचे मासे बाहेरून काहीही खाद्य न घालता वाढत होते. कोंडा नाही, पेंड नाही, शेणखत नाही, तरी मासा वजन धरत होता. या निरीक्षणातून जी मत्स्यशेती उभी राहिली, ती ज्यांच्या हाती आली ते लोक शेतकरी नव्हते. त्यांच्याकडे शेत नव्हतेच. प्रस्तुत लेखात या एका प्रकरणाचा विचार केला आहे: भूमिहीन मच्छीमारांना तळ्यातच शेती मिळाली तेव्हा काय साधले, कशामुळे साधले, आणि ज्या कारणामुळे ते साधले तेच कारण पुढे अडचणीचे कसे ठरले.

पोखरा हे नाव मराठी पर्यटकाला नवे नाही. फेवा तळ्यातून नावेने ताल बाराहीच्या देवळाकडे जाणाऱ्याला, पाठीमागच्या डोंगराकडे नजर लावलेली असल्यामुळे, पलीकडच्या काठाशी पाण्यावर तरंगणाऱ्या बांबूंच्या चौकटी सहसा दिसत नाहीत. पोखरा खोऱ्यात लहानमोठी नऊ तळी असून २०१६ साली या तलावसमूहाला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. मासेमारीच्या दृष्टीने त्यांतील फेवा, बेगनास आणि रूपा ही तीन तळी महत्त्वाची आहेत. फेवाचा विस्तार सुमारे साडेचार चौरस किलोमीटर, बेगनासचा सव्वातीन, आणि रूपाचा त्याहूनही बराच कमी. नेपाळमध्ये सर्वाधिक पाऊस पडणाऱ्या ठिकाणांत पोखऱ्याची गणना होते. तेथे वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. हा पाऊस भोवतालच्या उतारांवरची माती, पालापाचोळा आणि शेतातले खत घेऊन तळ्यांत उतरतो. चंदेऱ्याला फुकट मिळणाऱ्या चाऱ्याचे मूळ येथे आहे, आणि पुढे ज्याचा विचार करावा लागणार आहे त्या गाळाचे मूळही येथेच आहे.

जलारी कोण?

‘जलारी’ या नावातच जाळे आहे. हा समाज पिढ्यान्‌पिढ्या फेकजाळ्याने मासेमारी करीत आला. तळी, नदीचे डोह, ओढ्यांचे काठ अशा जागा बदलत तो फिरत असे, आणि पकडलेला मासा धान्याच्या बदल्यात देत असे. जातिव्यवस्थेत त्याचे स्थान अगदी खालचे होते. नेपाळने १९६३ च्या मुलुकी ऐनाने, म्हणजे देशाच्या कायदेसंहितेने, जातिभेदावर आधारलेली कायद्याची चौकट काढून टाकली, तरी गावातील पाणवठा आणि चुलीजवळची जागा कायद्याच्या तारखेप्रमाणे बदलत नाही, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. विदर्भातील किंवा मराठवाड्यातील भोई समाजाशी त्यांची तुलना मनात येते, आणि ती काही अंशी योग्यही आहे: गोड्या पाण्याचे सूक्ष्म ज्ञान, जमिनीचा अभाव, आणि ज्या पाण्यावर जगायचे त्या पाण्यावर कागदोपत्री कोणताही हक्क नसणे, या तिन्ही गोष्टी दोघांकडे समान आहेत. फरक असा की, महाराष्ट्रात जलाशयांचे ठेके आणि मच्छीमार सहकारी संस्था यांच्यामुळे भोई समाजाचा पाण्याशी निदान एक लेखी संबंध तयार झाला; जलारींचा तसा संबंध पिंजऱ्यापूर्वी नव्हता.

तळ्यांतील मूळ मासे म्हणजे महासीर कुळातील ‘सहर’, ‘कत्ले’ आणि अनेक लहान जाती. सहर हा मोठा, चविष्ट आणि किमती मासा खरा. परंतु अंडी घालण्यासाठी त्याला वाहत्या, खडकाळ पाण्यात चढून जावे लागते. फेवा तळ्याचे पाणी वाढवण्यासाठी त्याच्या तोंडाशी बांध घातला गेला, काठ गाळाने भरत गेले, आणि मासेमारी करणारे हातही वाढले. १९७० च्या दशकात हा बांध एकदा फुटला व तळे मोठ्या प्रमाणात रिते झाले. तो नंतर पुन्हा बांधावा लागला. फेकजाळ्यावर जगणाऱ्या कुटुंबाच्या वाट्याला येणारा मासा कमी होत जाणे यात आश्चर्य नव्हते. म्हणून १९७० च्या दशकाच्या मध्यानंतर, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या साहाय्याने चाललेल्या कामातून, सरकारी केंद्राने पिंजरे या कुटुंबांपर्यंत नेले आणि त्यांच्यासाठी कृषी विकास बँकेच्या कर्जाची सोय झाली.

पिंजरा का, तळे का नाही?

मत्स्यशेती म्हटले की आपल्यासमोर शेततळे येते: जमीन खणायची, पाणी भरायचे, चुना आणि शेण घालायचे, बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, सोडायची. नेपाळच्या तराईत, म्हणजे दक्षिणेकडच्या सखल पट्ट्यात, चितवन, बारा, रूपन्देही अशा जिल्ह्यांत, ही पद्धत चांगली रुजली आणि तेथे रोहू, कटला, मृगळ यांच्याबरोबर चंदेरा, गवत्या (ग्रास कार्प) व सायप्रिनस (कॉमन कार्प) एकत्र वाढवले जातात. परंतु तळे खणायला जमीन लागते; आणि जमिनीचा मालकी कागद, ज्याला नेपाळमध्ये ‘लालपुर्जा’ म्हणतात आणि ज्याचे काम आपल्याकडच्या सातबाऱ्यासारखे असते, तो जलारी कुटुंबाकडे नव्हता. थंड पाण्याच्या ट्राउटचा पर्यायही नंतर आला. १९८८ साली जपानहून आणलेल्या अंड्यांपासून नेपाळमध्ये इंद्रधनुषी ट्राउटची शेती नव्याने सुरू झाली. पण ट्राउट हा मांसाहारी मासा. त्याला वाहते थंड पाणी, सिमेंटचे हौद आणि प्रथिनयुक्त महागडे खाद्य लागते. भांडवल असलेल्याने करावा असा तो धंदा आहे.

पिंजऱ्याने हे दोन्ही अडथळे एकाच वेळी टाळले. प्रचलित पिंजरा पाच मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि दोन मीटर खोल, म्हणजे पन्नास घनमीटरचा असतो. बांबूची चौकट, तिच्याखाली लोंबणारी नायलॉनची किंवा पॉलिथिलीनची जाळी, खालच्या कोपऱ्यांना वजन, आणि नांगरासाठी दगड. दर घनमीटरला साधारण दहा या प्रमाणात पिंजऱ्यात पाचशेच्या आसपास बोटुकली सोडली जाते. वर्षभराच्या किंवा थोड्या अधिक काळाच्या वाढीनंतर घनमीटरमागे तीन ते पाच किलो उत्पादन धरले, तर एका पिंजऱ्यातून दीडशे ते अडीचशे किलो मासा निघतो. पाच पिंजरे असलेल्या कुटुंबाला यावरून पाऊण ते सव्वा टन मासा मिळावा, आणि त्यासाठी खाद्यावर एक रुपयाही खर्च व्हावा लागत नाही.

हा हिशेब पहिल्यांदा वाचताना तो खरा वाटत नाही, म्हणून त्याचे स्पष्टीकरण आवश्यक आहे. चंदेरा हा मासा चावून खात नाही. तो पाणी गाळतो. त्याच्या कल्ल्यांच्या आतल्या बाजूला असलेली बारीक गाळणी पाण्यातले वनस्पतिप्लवक, म्हणजे उघड्या डोळ्यांना न दिसणारी हिरवी शेवाळे, अडवून ठेवते. बिगहेडची गाळणी किंचित जाड असते, म्हणून त्याच्या वाट्याला मुख्यतः प्राणिप्लवक येते. दोघेही एकाच पाण्यात राहतात, परंतु एकाच ताटात जेवत नाहीत. पिंजऱ्याची जाळी माशाला अडवते, पाण्याला नाही. वाऱ्याने आणि लाटांनी पाणी सतत बदलत राहते व प्रत्येक नव्या पाण्याबरोबर नवे प्लवक आत येते. पंचवीस चौरस मीटर पृष्ठभागावर दोनशे किलो मासा हे उत्पादन हेक्टरच्या मापात मांडले तर ऐंशी टन होते, जे कोणत्याही शेततळ्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. पण असे मांडणे ही दिशाभूल ठरेल. पिंजरा हे शेत नव्हे. शेत म्हणजे ते संपूर्ण तळे, आणि पिंजरा हे त्या शेतातून चरणाऱ्या जनावराचे तोंड आहे. तोंडांची संख्या किती असावी हे शेताच्या विस्तारावर ठरते. पिंजऱ्यांची गर्दी झाली, तर काठाजवळच्या आणि मधल्या पिंजऱ्यांना अगोदरच गाळले गेलेले पाणी मिळते व तेथील मासा वाढत नाही. ही मर्यादा पिंजरे पाहताना सहज ध्यानात येत नाही, कारण पाण्याला बांध दिसत नाहीत.

गवत्याही काही पिंजऱ्यांत वाढवला जातो. त्याला चारा घालावा लागतो, पण तो चारा म्हणजे तळ्यातलीच पाणवनस्पती. कुटुंबातील कोणीतरी नावेतून जाऊन ती कापून आणते. श्रम लागतात, पैसा लागत नाही.

बीज, जे तळ्यात तयार होत नाही

या व्यवस्थेचा एक दुवा मात्र पूर्णपणे जलारींच्या हाताबाहेर आहे. चंदेरा, बिगहेड आणि गवत्या हे मूळचे चीनकडील मोठ्या नद्यांचे मासे. ते साचलेल्या पाण्यात वाढतात, पण तेथे प्रजनन करीत नाहीत. त्यांचे बीज केंद्रातच तयार करावे लागते. माशाला पीयूष ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन अंडी घालायला लावण्याचे तंत्र भारतातील प्रमुख कार्पवर १९५७ साली ओडिशात हिरालाल चौधरी यांनी यशस्वी केले, आणि दक्षिण आशियातील गोड्या पाण्याची मत्स्यशेती एका अर्थाने तेव्हापासून सुरू झाली. पोखऱ्याचे पिंजरेही त्याच तंत्राच्या कुटुंबातले आहेत. केंद्रातून निघालेले मत्स्यजिरे इतके लहान असते की ते पिंजऱ्याच्या जाळीतून सरळ निसटून जाते. म्हणून त्याला आधी बारीक जाळीच्या किंवा छोट्या हौदाच्या आश्रयात वाढवून बोटुकलीच्या आकाराला आणावे लागते. वेळेवर आणि योग्य आकाराची बोटुकली मिळाली, तर वाढीचे उबदार महिने पूर्ण हाती लागतात. ती उशिरा आली तर मासा लहान असतानाच हिवाळा सुरू होतो व वाढ मंदावते; मग एक वर्षाचे काम दीड वर्षावर जाते आणि कर्जाचा हप्ता मात्र आपल्या तारखेलाच येतो. मत्स्यशेतीवरील चर्चेत खाद्याबद्दल खूप बोलले जाते, बीजाबद्दल कमी. फुकट खाद्याच्या या शेतीत बीज हाच खर्चाचा आणि अवलंबित्वाचा मोठा भाग आहे, हे विसरून चालत नाही.

याची दुसरी बाजू जमेची आहे. हे मासे तळ्यात प्रजनन करीत नसल्यामुळे पिंजरा फाटून काही निसटले तरी ते तळे व्यापू शकत नाहीत. परदेशी मासा आणताना जी भीती बाळगली पाहिजे, ती येथे बऱ्याच अंशी निसर्गानेच दूर केली होती. ती भीती नंतर दुसऱ्या माशाच्या रूपाने खरी ठरली.

घरात काय बदलले

पिंजऱ्याने जलारींना मिळालेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे निश्चित जागा. फेकजाळ्याने फिरणारे कुटुंब पिंजरा टाकून फिरू शकत नाही. त्याला रोज जाळी पाहावी लागते, शेवाळाने भरलेली तिची छिद्रे घासून मोकळी करावी लागतात, कुजलेला बांबू बदलावा लागतो, रात्री चोरी होऊ नये म्हणून लक्ष ठेवावे लागते. फेवाच्या उत्तर काठावरील सेदी, खपौदी अशा वस्त्यांत ही कुटुंबे स्थिरावली, मुले शाळेत जाऊ लागली, बँकेच्या दारात पाय पडला. मासा पकडणे पुरुषांचे आणि विकणे बायकांचे ही जुनी वाटणी कायम राहिली, पण तिचे वजन बदलले. फेकजाळ्याचा मासा लहान, मिसळलेला आणि अनिश्चित असल्यामुळे तो मिळेल त्या भावाला किंवा धान्यावर द्यावा लागे. पिंजऱ्यातला मासा जिवंत असतो. गिऱ्हाईक येईपर्यंत तो थांबतो. जो माल थांबू शकतो त्याचा भाव विकणारी बाई ठरवू शकते, हा बदल आकडेवारीत दिसत नाही, तरी मला तो उत्पादनाच्या टनांहून महत्त्वाचा वाटतो. समुद्र नसलेल्या या देशात भारतातून, विशेषतः आंध्रकडून, बर्फातला रोहू रस्त्याने येतो. त्या माशाशी स्वस्ताईत स्पर्धा करणे कठीण आहे, पण ताजेपणात नाही. लेकसाइड या तळ्याकाठच्या पर्यटक वस्तीतली हॉटेले वाढत गेली तशी ताज्या माशाची मागणीही वाढली.

अर्थात सर्व जलारी पिंजरेवाले झाले असे नाही. काहींनी तरंगत्या जाळ्यांची मासेमारी चालू ठेवली, काही नावा वल्हवू लागले. पिंजऱ्यासाठी लागणारे सुरुवातीचे भांडवल, म्हणजे जाळी आणि बीज, लहान वाटले तरी ज्यांच्याकडे तारण ठेवायला काहीच नाही त्यांच्यासाठी ते लहान नसते.

खत आणि विष यांतील अंतर

आता प्रकरणाचा अवघड भाग. पिंजऱ्यातला मासा प्लवकावर वाढतो, प्लवक नत्र आणि स्फुरदावर वाढते, आणि ही द्रव्ये तळ्यात येतात ती शेतातून, गोठ्यातून आणि आता मोठ्या प्रमाणात शहराच्या सांडपाण्यातून. म्हणजे तळे जितके ‘घाण’ होते, तितका काही काळ मासा जोमाने वाढतो. पाणी स्वच्छ, निळे आणि पारदर्शक असावे अशी पर्यटकाची आणि हॉटेलमालकाची इच्छा असते. पिंजरेवाल्याला हवे असते ते किंचित हिरवट पाणी. १९७० च्या दशकात या दोन इच्छांमध्ये फारसा विरोध नव्हता, कारण तळ्यात तेवढीच पोषकद्रव्ये येत होती जेवढी मासा गाळून घेऊ शकेल. उलट असेही म्हणता येते की, खाद्य न घालता वाढवलेला आणि बाहेर काढून विकलेला प्रत्येक किलो मासा तळ्यातील थोडे नत्र आणि थोडे स्फुरद कायमचे बाहेर नेतो. खाद्य घालणाऱ्या पिंजऱ्यांवर जो आरोप योग्यच केला जातो, की त्यांचे उरलेले खाद्य आणि विष्ठा पाणी बिघडवतात, तो या पिंजऱ्यांवर जशाचा तसा लावणे अन्यायाचे आहे. धरणांवर पिंजऱ्यातील मत्स्यशेतीचा विचार आपल्याकडेही होत असल्यामुळे हा फरक नीट समजून घ्यायला हवा: गोळीखाद्यावर वाढणारा मासा तळ्यात भर घालतो, आणि प्लवकावर वाढणारा मासा तळ्यातून उचल करतो.

परंतु या उचलीला मर्यादा आहे. पोषकद्रव्ये त्यापलीकडे गेली की शेवाळाचा थर जाड होतो, मेलेले शेवाळ तळाशी जाऊन कुजते आणि तळाच्या पाण्यातील प्राणवायू संपतो. फेवासारख्या तळ्यात उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वरचे उबदार पाणी व खालचे गार पाणी वेगवेगळे राहते, म्हणून खालचे निर्जीव पाणी वरच्या माशाला त्रास देत नाही. हिवाळ्यात वरचे पाणी गार होऊन जड होते व दोन्ही थर एकमेकांत मिसळतात. त्या वेळी तळाचे प्राणवायू नसलेले, कुजक्या वायूंनी भरलेले पाणी वर येते. मोकळा मासा अशा वेळी दुसरीकडे निघून जातो. पिंजऱ्यातला मासा जाणार कुठे? ज्या जाळीने वर्षभर त्याला राखले, तीच जाळी त्याला अडवते. म्हणून थंडीच्या दिवसांत पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले, तर वजन पुरे होण्याची वाट न पाहता ते काढून विकणे शहाणपणाचे ठरते. हे ज्ञान पुस्तकातले नाही. ते रोज पहाटे नावेतून पिंजऱ्यापर्यंत जाणाऱ्याचे ज्ञान आहे.

जलपर्णी आणि गाळ हे याच साखळीचे पुढचे दुवे. फेवाला मिळणारा मुख्य ओढा हर्पन खोला. त्याच्यासोबत दरवर्षी येणाऱ्या गाळाने तळ्याचा पश्चिमेकडचा भाग भरत चालला आहे, आणि जेथे एकेकाळी पाणी होते तेथे आज शेते आणि बांधकामे आहेत. पावसाळ्यात गढूळ पाण्यात उजेड खोल जात नाही, प्लवक कमी होते व मासा काही आठवडे अर्धपोटी राहतो. पिंजरे ओढ्याच्या तोंडापासून दूर ठेवावे लागतात, आणि ओढ्याचे तोंडच दरवर्षी पुढे सरकत असेल, तर पिंजऱ्यांना मागे हटावे लागते.

चिलापी फेवातही

नाईल तिलापिया नेपाळमध्ये १९८५ साली आणली गेली ती मत्स्यशेतीसाठी. २००० नंतरच्या वर्षांत ती फेवा तळ्यात आढळू लागली आणि पुढच्या दशकभरात जाळ्यात येणाऱ्या माशांत तिचा वाटा फार मोठा झाला. उजनीच्या काठावर जिला ‘चिलापी’ म्हणतात, तिच्याच जवळची ही मासळी. आणि तिचा इतिहासही तेथल्यासारखाच आहे. ती साचलेल्या पाण्यात प्रजनन करते, वर्षातून अनेकदा करते, अंडी व पिल्ले तोंडात सांभाळते, आणि काहीही खाते. चंदेऱ्याबाबत जी नैसर्गिक मर्यादा होती ती हिच्याबाबत नाही. पिंजऱ्यातल्या माशाचे प्लवकही ती खाते, आणि मूळच्या माशांची काठची जागाही घेते.

तरीही तिला केवळ संकट म्हणून बाजूला सारणे कठीण आहे. जाळे टाकून मासे पकडणाऱ्या जलारीला तिलापियाने पुन्हा मासा दिला. मूळचा सहर जाळ्यात येईनासा झाला असताना तिलापिया रोज येते, खपते आणि तिच्यासाठी कोणाकडे बीज मागावे लागत नाही. तळ्याच्या जैवविविधतेचा विचार करणाऱ्याला ही हानी दिसते, संध्याकाळच्या भाताचा विचार करणाऱ्याला ही सोय दिसते, आणि दोघेही बरोबर आहेत. माझ्या मते चूक शोधायचीच असेल, तर ती मासा तळ्यात पोहोचू देणाऱ्या देखरेखीत शोधावी, तो पकडून विकणाऱ्यात नाही.

कुलेखानी आणि रूपा

पोखऱ्याचा प्रयोग मकवानपूर जिल्ह्यात, कुलेखानी धरणाच्या जलाशयात, नेला गेला. १९८२ साली साठ मेगावॅटचा जलविद्युत प्रकल्प सुरू झाला व इंद्रसरोवर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जलाशयाने खोऱ्यातील शेती गिळली. धरणग्रस्त हा शब्द मराठी वाचकाला समजावून सांगावा लागत नाही. येथील धरणग्रस्त जलारी नव्हते. डोंगरउतारावर मका आणि कोदो (नाचणी) पिकवणारे ते शेतकरी होते, आणि जाळे त्यांच्या हातात पहिल्यांदाच आले. १९८० च्या दशकात त्यांना पिंजरे देण्यात आले व अनेकांनी ते टिकवले. या जलाशयाची पातळी वीजनिर्मितीप्रमाणे वर्षभरात पन्नास मीटरपर्यंत खालीवर होऊ शकते. काठावर खणलेले कोणतेही तळे अशा ठिकाणी निरुपयोगी ठरले असते, पण पिंजरा पाण्याबरोबर चढतो आणि उतरतो, फक्त दोर सैल-घट्ट करावे लागतात. १९९३ च्या जुलैमधील अतिवृष्टीने जलाशयात प्रचंड गाळ आणला, आणि विजेसाठीची पाण्याची साठवण जशी कमी झाली तशी पिंजऱ्यांची जागाही. बुडालेल्या शेताच्या बदल्यात त्याच पाण्यावर मिळालेला हा हक्क पुरेसा होता का, असे विचारले तर मी नाही म्हणेन. पण रोख रक्कम हाती घेऊन तराईत किंवा शहरात गेलेल्या आणि ती संपल्यावर हात हलवीत परतलेल्या विस्थापितांच्या कहाण्या आपल्याकडेही आहेत, आणि त्यांच्या तुलनेत पिंजरा हा दरवर्षी पिकणारा मोबदला होता.

रूपा तळ्याने वेगळी वाट घेतली. हे तळे उथळ, गाळाने आणि पाणवनस्पतींनी झपाट्याने भरत चाललेले. २००२ च्या सुमारास तेथील लोकांनी पुनरुद्धार व मत्स्यपालनासाठी सहकारी संस्था स्थापन केली. भागभांडवल गोळा केले, पाणवनस्पती काढल्या, तळ्यात खुलेपणाने बीज सोडले आणि मासळीच्या उत्पन्नातील काही भाग वरच्या पाणलोटातील जंगल राखणाऱ्या गटांना आणि शाळांना देण्यास सुरुवात केली. यामागचा विचार सरळ आहे: वरच्या उतारावरचे जंगल टिकले तर खाली गाळ कमी येईल, म्हणून खालच्याने वरच्याला त्याचा मोबदला द्यावा. तळ्याच्या आरोग्याच्या दृष्टीने ही फेवापेक्षा सुजाण व्यवस्था आहे. परंतु तिच्यात एक गोष्ट नजरेआड होऊ नये. भागभांडवलावर चालणाऱ्या संस्थेत शेकडो शेतकरी कुटुंबे सभासद होतात, आणि ज्यांचे जगणे पूर्वी केवळ त्या पाण्यावर होते ते मच्छीमार त्या शेकड्यांतील मूठभर मते होतात. तळे वाचवण्याची पद्धत आणि जलारी वाचवण्याची पद्धत या आपोआप एक होत नाहीत. त्या एक व्हाव्यात यासाठी संस्थेच्या नियमांतच जाळे टाकणाऱ्याचा स्वतंत्र हक्क लिहावा लागतो.

फेवावर असा नियम करण्याची वेळ आता आली आहे, कारण तेथे तळ्याची हद्द मोजण्याचा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. तळ्याच्या हद्दीवरून वर्षानुवर्षे चाललेल्या वादात नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली काठापासून ६५ मीटरच्या आतील बांधकामे हटवण्याचा आदेश दिला. हॉटेले आणि जमीनमालक यांच्या दृष्टीने हा निकाल मोठा आहे, आणि तळ्याच्या दृष्टीने मला तो मूलतः योग्य वाटतो. मात्र काठावरची जलारी वस्ती आणि काठावरचे तीनमजली हॉटेल यांना एकाच फूटपट्टीने मोजायचे की नाही, हा प्रश्न अंमलबजावणी करणाऱ्याला टाळता येणार नाही. हॉटेलमालक आपला लालपुर्जा घेऊन भरपाईची मागणी करू शकतो. पिंजरेवाल्याचे घर ६५ मीटरच्या आत असते, आणि त्याची शेती काठाच्या पलीकडे, पाण्यात असते, जिचा लालपुर्जा निघत नाही.